मशीन काढलं तर पाप लागेल का?

मुंबईत धर्मभगिनींनी चालवलेल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. मी वसईची, कॅथलिक. डॉक्टरांचा राउंड संपला की नातेवाईक, त्यातही आमच्या भागातले, मला बाजूला घेत आणि हळूच विचारत, "सिस्टर, मशीन काढलं तर पाप लागेल का?" डॉक्टरांना विचारायची भीती, फादरांना विचारायचा संकोच. आमच्याकडे गर्भपात होत नाही, नसबंदी होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मग व्हेंटिलेटर काढणंही चर्चला नामंजूर असणार, शेवटच्या श्वासापर्यंत सगळं करायचंच, असं लोक धरून चालत.

चर्चची शिकवण तशी नाही. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मला घेतलं, तेव्हा तिथल्या एका वयस्कर फादरांनी ती मला नीट उलगडून सांगितली. १९५७च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांपुढे बोलले होते. कृत्रिम श्वासाची यंत्रं तेव्हा नवीन होती आणि मेंदू कायमचा बिघडलेल्या माणसाला त्यावर किती दिवस ठेवायचं, हा डॉक्टरांचा प्रश्न होता. पोप म्हणाले, जीव जपण्यासाठी नेहमीचे उपाय करणं आपलं कर्तव्य आहे; जे उपाय स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझं टाकतात, ते करायलाच हवेत असं बंधन नाही. आणि कोणता उपाय नेहमीचा, हे माणूस, ठिकाण, काळ पाहून ठरतं. मरण यावं म्हणून काही करणं वेगळं आणि येणारं मरण अडवता येत नाही हे मान्य करणं वेगळं. आयसीयूत उभं राहिलं की हा फरक डोळ्यांना दिसतो.

वसईकडच्या एका बागायतदाराची गोष्ट सांगते. मेंदूत मोठा रक्तस्राव, मग किडन्या गेल्या, व्हेंटिलेटर, दिवसाआड डायलिसिस, रक्तदाब टिकवायला सतत चालू असलेलं औषध. मेंदूचे डॉक्टर स्पष्ट सांगून गेले होते की शुद्ध येणार नाही. तरी दोन्ही मुलगे रोज म्हणत, "सगळं करा." थोरल्याच्या हातात प्लास्टिकची फाइल असायची. त्यात रिपोर्ट असतील असं मला वाटायचं. एका दुपारी बिलिंगच्या काउंटरवरून येऊन त्याने ती माझ्यासमोर उघडली, तर आत केळीच्या वाडीचा सातबारा. गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

मी ते फादरांच्या कानावर घातलं. कमिटीच्या खोलीत आई, दोन्ही मुलगे, आयसीयूचे डॉक्टर, फादर आणि मी बसलो. पैशाचा विषय फादरांनीच काढला. मुलगे खाली बघू लागले. बापाच्या जिवापुढे पैसा मोजतोय असं कुणी म्हणेल, ही त्यांची धास्ती. फादर म्हणाले, "रोमचं १९८०चं इच्छामरणाविरुद्धचं पत्रक आहे. त्यातच लिहिलंय की घरच्यांवर फार खर्च पडू नये म्हणून एखादा उपचार नाकारला, तर ती आत्महत्या नव्हे. मग बाबांच्या वतीने तुम्ही तेच म्हणालात, तर ते पाप कसं?" आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वाडी विकलेली ह्यांना चालली नसती, फादर. पण मी बोलले असते, तर पोरं म्हणाली असती, आईला बाबा नको झालेत." थोरला तिथेच रडला.

डॉक्टरांची अडचण निराळी होती, पोलिसांची. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा रुग्णाचे उपचार थांबवायला परवानगी दिली, पण वाट एवढी किचकट घालून दिली की फारसं कुणी तिच्यावरून जाईना. २०२३च्या जानेवारीत ती सोपी झाली. आता रुग्णालयाचीच तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं पाहतात, घरच्यांची संमती घेतात आणि दंडाधिकाऱ्यांना कळवतात. आमच्या डॉक्टरांनी तेच केलं. फादरांनी आजोबांना तेल लावून प्रार्थना केली. नळी काढण्याआधी दम लागू नये म्हणून मॉर्फिन सुरू केलं. त्यावरही धाकट्याने विचारलं, याने लवकर जातील का? दुखणं कमी करणं हाच हेतू असेल आणि डोस तेवढाच असेल, तर चर्चला ते मान्य आहे. तेही पायस पोपनीच सांगून ठेवलंय.

मला सगळ्यात अवघड जातो तो फीडचा प्रश्न. २००४ साली पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की नळीने दिलेलं अन्नपाणी हा उपचार नव्हे, ती शुश्रूषा. तत्त्वतः ती द्यायलाच हवी. परिचारिका म्हणून मला हे मनापासून पटतं. केईएममधल्या परिचारिकांनी त्यांच्यातल्याच, शुद्ध हरपलेल्या अरुणा शानबागला १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, मऊ केलेलं अन्न भरवलं, ते कुठल्या पोपचं ऐकून नव्हे. पण या आजोबांच्या बाबतीत, फीड देण्याआधी सिरिंजने ओढून बघितलं की मागच्या वेळचं जवळजवळ सगळं तसंच वर येई. पोट काही घेतच नव्हतं. पुढे ढकललं असतं तर फुप्फुसात गेलं असतं. शरीर अन्न घेईनासं झालं की ते बंधन उरत नाही, हे रोमने २००७ साली स्पष्ट केलं आहे. आम्ही फीड थांबवलं. आईला ते व्हेंटिलेटरपेक्षा जड गेलं. "उपाशी पाठवायचं का?" असं तिने दोनदा विचारलं. मी तिच्या हातात ओला गॉज दिला, ओठ आणि जीभ कशी पुसायची ते दाखवलं. आजोबा पहाटे गेले तोवर ते काम तिने कुणाला करू दिलं नाही.

त्यानंतर कमिटीत मी एक मागणी लावून धरली: खर्चाचा विषय घरच्यांनी काढायची वाट बघायची नाही. भरती झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टर आणि फादर किंवा समाजसेविकेने बसून विचारायचं, तुम्हाला काय झेपेल, आणि रुग्णाला स्वतःला काय चाललं असतं. एका डॉक्टरांना वाटलं, धर्माच्या रुग्णालयात पैशाचं आधी बोललं तर लोक नावं ठेवतील. अध्यक्ष असलेल्या धर्मभगिनी म्हणाल्या, बिल आपण रोज देतोच, मग बोलायला कसली लाज? मागणी मान्य झाली. भरतीच्या फॉर्मवर त्याला अजून रकाना नाही, म्हणून आमच्या मुली केसपेपरच्या मागच्या पानावर हाताने लिहितात.