दवाखान्यातल्या पाळ्या

डिसेंबर २०२४ मध्ये विनोद कांबळी सगळ्यांच्या मोबाइलवर होता. ३ तारखेला शिवाजी पार्कवर त्याचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचं अनावरण झालं, तिथे त्याने सचिनचा हात धरला तो सोडेचना. २१ तारखेला त्याला ठाणे जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात भरती केलं. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगात पेटके, असं डॉक्टरांनीच जाहीर केलं. मग पलंगावर बसून बोलणारा कांबळी आला, वॉर्डात गाण्यावर नाचणारा कांबळी आला. नागपुरात मनीषनगरहून जयप्रकाशनगरच्या मेट्रो स्टेशनाकडे जाताना आमचा सकाळचा चहा होतो, तिथे रोज नवा व्हिडिओ हजर. चुकचुकायचं, शेजारच्याला दाखवायचं आणि १९८८ सालची ती ६६४ धावांची भागीदारी पुन्हा एकदा सांगायची. त्यात कांबळीच्या नाबाद ३४९, सचिनपेक्षा २३ जास्त, हे ठासून सांगणारा एक जण आमच्यात आहेच.

आमच्या त्या घोळक्यात एक निवृत्त सर येतात. उमरच एका कॉलेजात गेली. हुद्दा शारीरिक शिक्षण संचालक, पण पोरांसाठी नुसते ‘सर’. एका सकाळी ते वैतागले. म्हणाले, ‘काय पाहून राहिले बे तुम्ही? माणूस बिमार आहे, म्याच नाही सुरू.’

मला ते तेव्हा जरा कडक वाटलं. लोक प्रेमापोटीच बघत होते ना? पण चाहत्याच्या प्रेमाची अडचणच ती आहे. त्याला बघण्यापलीकडे काही शिकवलेलंच नसतं. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली, आपण बघितलं. तेविसाव्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली, १७ सामने आणि ५४.२० ची सरासरी मागे ठेवून, तेही बघितलं. आता तोल जाणारी चाल बघतोय. नजर तीच, अंतर तेच.

सरांना हे बोलण्याचा अधिकार होता, कारण काही वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची बायपास झाली होती. बातमी फुटली तशी पोरं येऊ लागली. पोरं म्हणजे चाळिशीतली, पोट सुटलेली. कोणी रेल्वेत, कोणी पोलिसात, एकाचं औषधांचं दुकान. बहुतेकांची नोकरी स्पोर्ट्स कोट्यातली, आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं सरांनी विद्यापीठात खेटे घालून काढून दिलेली. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारात एवढी गर्दी झाली, की काकू कावल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या कबड्डी संघाच्या कर्णधाराने कागद काढला आणि पाळ्या लावल्या. रात्री कोण, डबा कोणाचा, रक्तदात्यांना कोण आणेल, विम्याच्या कागदांमागे कोण पळेल. ज्याला काहीच जमत नव्हतं त्याला राखीव ठेवलं. तो रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. राखीव खेळाडूने गणवेश घालून बसायचं असतं, हे सरांनीच शिकवलेलं.

क्रीडा संचालक नेमकं काय करतो, हे कॉलेजातल्या इतर प्राध्यापकांनाही धड ठाऊक नसतं. सकाळी शिट्टी घेऊन मैदानावर, एवढंच दिसतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे पात्रता अर्ज, प्रवासभत्त्याची बिलं, ऐनवेळी न आलेले ट्रॅकसूट, मुलीला बाहेरगावी पाठवायला नकार देणाऱ्या बापाच्या घरी जाऊन अंगणात बसणं, हे कोणत्या अहवालात येणार? आणि या सगळ्यात तो पोरांना त्यांच्या सगळ्यात वाईट अवस्थेत बघत असतो. उलटी करताना, हरून रडताना, सुजलेला घोटा धरून पॅसेंजरच्या दारात बसलेलं. त्यामुळे एके दिवशी सरच आडवे झाले, तेव्हा पोरांना संकोच वाटला नाही. बेडपॅन धरायला लागणारी ओळख आधीच झालेली होती. आपल्यासारख्या प्रेक्षकाची खेळाडूशी ती ओळख होत नाही. तो जिंकताना आपण त्याला ओळखतो, बस.

कॉलेज आणि खेळाडू यांच्यातल्या या देण्याघेण्याची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी उधारी कोल्हापूरच्या खात्यावर आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गाव लोटला. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. मिरवणुकीपेक्षा मला हे फड जास्त दिसतात. ज्याला देणं कळतं, तो हारतुऱ्यात फार वेळ अडकत नाही.

कांबळीच्या वाट्यालाही अशी माणसं आलीच. त्याला भरती केलं त्या रुग्णालयाचे प्रमुख त्याचे चाहते, त्यांनी आजन्म मोफत उपचार जाहीर केले. चाहतेपण आणि हातातलं काम अशा वेळी एका जागी आलं. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले लोक उभे राहिले. कपिलदेव यांनी मात्र अट घातली, की आधी त्याने स्वतः सावरायची तयारी दाखवावी, व्यसनमुक्तीच्या उपचाराला जावं. या अटीवर आमच्या चहावर मोठा वाद झाला. प्रेमात कसली अट, असं अर्ध्यांचं म्हणणं. मला अट पटली. व्यसनाच्या आजारात विनाअट मायेने घरं बुडालेली मी पाहिली आहेत. तरीही ती अट लाखो लोकांसमोर बोलली गेली, हे खटकतं. चार भिंतींत बोललं असतं तर तिला वेगळं वजन आलं असतं.

गावस्करांची पद्धत त्याहून रुक्ष. गरजू माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी त्यांनी १९९९ मध्ये चॅम्प्स फाउंडेशन काढलं होतं. त्यातून एप्रिल २०२५ पासून कांबळीला हयातभर दरमहा तीस हजार, शिवाय औषधोपचारासाठी वर्षाला तीस हजार. बँकेतल्या कायमच्या सूचनेसारखी मदत. तिचा व्हिडिओ होत नाही.

त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमच्या पन्नाशीचा सोहळा झाला. कांबळी आला, गावस्करांच्या पाया पडला आणि ती क्लिपही आमच्या टपरीवर पोचली. या वेळी सरांनी स्वतःहून मोबाइल मागितला, चष्मा वर करून दोनदा पाहिली आणि विचारलं, ‘घरी परत कोण घेऊन गेलं बे याले?’ कोणालाच ठाऊक नव्हतं. एकाने शोधायला सुरुवात केली, तर सर म्हणाले, राहू दे, आणि आपल्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानाकडे निघाले.