ताई, पाणी नंतर का चढलं?

मित्रहो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. घरी आईशी भांडण्यापुरती मराठी आणि बाकी सगळं इंग्रजीत, अशीच माझी शाळेची वर्षं गेली. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दिसला तर समजून घ्या, आणि नाही दिसला तर श्रेय रूममेटचं!

तर झालं असं, की डिसेंबरात आपला एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प होता. बाकीची मंडळी ओढ्यावर वनराई बंधारा घालायला गेली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि थर रचायचे. आम्हा चौघींच्या वाट्याला मात्र गावातली जिल्हा परिषदेची शाळा आली. काम काय, तर पाचवी-सहावीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणे. मनात म्हटलं, सुटले बाबा! पोती उचलण्यापेक्षा हे बरं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, पाचवीचं सायन्स म्हणजे काय मोठंसं?

सामानाची यादी एका सीनिअरने दिली होती. अरविंद गुप्तांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी करत होता. ती सोडून त्यांनी आयुष्यभर मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते बरीच वर्षं होते, आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ही त्यांची प्रसिद्ध जोडी. म्हणून आम्ही सायकलच्या दुकानातून मीटरभर व्हॉल्व्ह ट्यूब आणली आणि काड्यांचा गूळ खरवडून ठेवला.

पहिला दिवस झकास गेला. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, दोन्ही टोकांतून काड्या खुपसायच्या, की झाला सांधा. मुलांनी तीन काड्यांचा त्रिकोण केला, चार काड्यांचा चौकोन केला. चौकोन बोटाने दाबला की लगेच शंकरपाळा होतो; त्रिकोण मात्र हलत नाही. मी फळ्यासमोर उभी राहून "आता हे कुठे वापरतात बरं?" असं विचारणार, तेवढ्यात सहावीतल्या एका पोराने नुसतं वर बोट केलं. वर पत्र्याचं छप्पर, त्याखाली लोखंडी अँगल, आणि सगळे त्रिकोणच त्रिकोण!

"कैची हाय ती, ताई. माझे पप्पा वेल्डिंग करून बसवत्यात."

फर्स्ट इयरला मी मेथड ऑफ जॉइंट्सने ट्रस सोडवून मार्क मिळवले होते. पण तो बोटाने दाबून कधी पाहिला नव्हता. आणि ट्रसला कैची म्हणतात हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेणबत्तीचा प्रयोग होता. तुम्हा सगळ्यांना तो माहीत असेल. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथी काचेची बरणी. (मेसचे ग्लास स्टीलचे, म्हणून रूममेटच्या लोणच्याची बरणी कामी आली. वासासकट.) पाण्यात कुंकू कालवलं होतं. ज्योत बारीक झाली, विझली, आणि लाल पाणी बरणीत सरसर वर चढलं. चौतीस पोरांनी एकदम "आऽऽ" केलं. मी आमच्या शाळेत पाठ केलेलं वाक्य मराठीत जुळवून फेकलं, "मेणबत्तीने बरणीतला ऑक्सिजन वापरून संपवला. त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून पाणीही तेवढंच चढतं."

पहिल्या रांगेत एक निळ्या स्वेटरवाली मुलगी होती. ती हळूच उठली.

"ताई, ऑक्सिजन तर ज्योत पेटलेली असताना संपत व्हता ना? मग पाणी ज्योत विझल्यावर का चढलं? आधी का नाय चढलं?"

मी बरणीकडे पाहिलं. आठवून पाहिलं. खरंच, पेटती असताना पाणी जवळपास जागचं हललं नव्हतं. सगळी धाव विझल्यानंतरची. हा प्रयोग मी शाळेत पाहिला होता, परीक्षेत आकृतीसकट लिहिला होता, आणि ही गोष्ट कधी माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती!

आणि मी काय केलं माहितेय? म्हणाले, "ते तसंच असतं. पुस्तकात तसं दिलंय." ती "बरं" म्हणून खाली बसली.

संध्याकाळी शाळेच्या बाई चहा देताना सहज म्हणाल्या, "ती निळ्या स्वेटरवाली वर्गात तोंड उघडत नाही हो कधी. आज आपणहून उठली, बरं वाटलं." चहा गोड होता, पण घशाखाली उतरेना.

रात्री आम्ही त्याच वर्गात सतरंज्या टाकून झोपलो होतो. मला झोप येईना. शेवटी रूममेटला उठवलं (शिव्या खाल्ल्या) आणि टॉर्चच्या उजेडात परात मांडली. या वेळी मात्र उत्तर विसरून नुसतं बघत राहिलो. बरणी पालथी घालताच तिच्या काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर आले. ते सकाळी कुणी पाहिलेच नव्हते. मग एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. तीन लावल्या, आणखी जास्त! बरणी तीच, त्यातला ऑक्सिजन तेवढाच. मग माझा एक पंचमांश गेला कुठे?

अंधारात बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला. पीव्ही इज इक्वल टू एनआरटी! ज्योतीने हवा तापते आणि फुगते, त्यातली थोडी बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापणार, जास्त निसटणार आणि नंतर पाणीही जास्त चढणार. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधीच ज्योत विझते. म्हणजे मी वर्गात सांगितलं ते चक्क चुकीचं होतं. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटलेल्या मुलीने सांगितलेलं!

सकाळी वर्गात गेले तेव्हा पाय जड झाले होते. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर जाताना इतकी भीती वाटली नव्हती. म्हटलं, "काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हिने विचारलेलं बरोबर होतं." वर्ग गप्प. ताई चुकते आणि वर तसं सांगते, हा प्रकार त्यांना बहुधा नवा असावा. मग मी काहीही न सांगता परात मांडली आणि फक्त विचारलं, "काय काय दिसतंय ते सांगा." पोरांनी बुडबुडे पकडले. "चार मेणबत्त्या लावू," असा हुकूमही सोडला. "एअर एक्सपांड होते" हे मराठीत कसं सांगायचं म्हणून मी अडखळत होते, तर मागून आवाज आला, "हवा फुगती, ताई!"

निळ्या स्वेटरवाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावती. गार झाल्यावर ते उघडतच नाय. तसंच का हे?"

तसंच! अगदी तसंच! घरून आलेल्या डब्यांच्या झाकणांशी होस्टेलवर आपण इतक्या वेळा कुस्ती खेळलोय, पण हा विचार आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आला?

कॅम्पहून आल्यावर थोडं वाचलं. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांमध्ये असाच एक कार्यक्रम सुरू झाला होता. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. म्हणजे पाठांतर करून उपयोगच नाही. तो तीस वर्षं चालला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. त्या वर्गांत आलेल्या उत्तराइतकंच आलेल्या प्रश्नालाही महत्त्व होतं.

आणि आपलं लॅब? ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून आपण रीडिंग "जुळवतो". नाही जुळलं तर सीनिअरचं जर्नल आहेच! मीही तेच केलंय, साळसूदपणाचा आव आणत नाही. पण त्या मुलीने तिला दिसलेलं रीडिंग जुळवलं नाही. ताई इंजिनिअर असूनही नाही, पुस्तकाचं नाव काढूनही नाही. ती फक्त गप्प बसली. तिला गप्प बसवणारी मी होते, हे मात्र विसरता येत नाही.

आता आम्ही चौघी एक शनिवार आड सकाळच्या एसटीने त्या शाळेत जातो. पुढच्या खेपेला चुंबक आणि तांब्याची तार घेऊन मोटर करायची आहे. तेव्हा होस्टेलकरांनो, ज्यांच्या रूमवर लोणच्या-जॅमच्या रिकाम्या काचेच्या बरण्या पडल्या असतील, त्यांनी लेडीज होस्टेलच्या गेटवर आणून द्याव्यात ही विनंती. धुऊन दिल्या तर उपकार होतील!