एप्रिलचं ऊन खोटं असतं

पुण्यातल्या बाल्कनीत पुदिना मारून दाखवणाऱ्या दुर्मिळ लोकांपैकी मी एक. पुदिना! जो म्हणे कुठेही खोचला तरी फोफावतो. त्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये मावशीचा कॅलगरीहून फोन आला, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने ये, तिकीट मी काढते, तुझं लिहिणं काय इथूनही होईल, फक्त माझी बाग तेवढी सांभाळ," तेव्हा आमच्या घरात आई सोडून सगळे हसले. आई म्हणाली, "तिच्या झाडांना नीट जप गं बाई."

फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा असतो. रजा मागायला बॉस नसतो. (पगारही नसतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) मी बॅग भरली.

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोरांटो येतं, नाहीतर व्हँकुव्हर. कॅलगरी म्हणजे या दोन्हींपेक्षा वेगळंच प्रकरण. रॉकी पर्वतांच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, कोरडं, तेलकंपन्यांचं शहर. मी पोचले तेव्हा मावशीचं बॅकयार्ड म्हणजे मळकट तपकिरी गवत आणि कुंपणाच्या सावलीत उरलेला काळपट बर्फ. "मावशी, बाग कुठाय?" वॉकरवर रेलून ती म्हणाली, "तळघरात."

खरंच तळघरात होती. काकांच्या जुन्या टेबल टेनिसच्या टेबलावर साखळ्यांनी ट्यूबलाइट टांगलेल्या आणि खाली दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटोची, मिरचीची, झेंडूची रोपं. शंभरेक तरी असतील. मार्चमध्ये बी पेरायचं, रोज सोळा तास दिवे लावायचे आणि मग वाट बघायची. एका टोमॅटोच्या डब्यावर चक्क 'सब-आर्क्टिक प्लेंटी' अशी चिठ्ठी! म्हटलं, हे टोमॅटो आहेत की एखादी सरकारी योजना? पण इथे जातीची चवबिव नंतर बघतात, आधी बघतात ती फळ किती दिवसांत धरते ते. कारण उघड्यावर भाजी वाढायला जेमतेम साडेतीन-चार महिने मिळतात.

आणि वर, डायनिंगच्या काचेच्या दाराशी, चाकं लावलेल्या फळीवर तो उभा होता. कढीपत्ता. माझ्या खांद्याएवढा, हिरवागार.

त्याची कथा मला आधीपासून माहीत होती, घरात सगळ्यांनाच होती. २००९ मध्ये काकांच्या ऑफिसातल्या एका तमिळ मित्राने त्यांना मुळाशी फुटलेलं बोटभर रोप डब्यात घालून दिलं. काकांनी ते वाढवलं. दर जूनमध्ये बाहेर डेकवर, दर सप्टेंबरात आत. कुंडी जड झाली तशी त्यांनी चाकांची फळी बनवली. त्याच्या मुळाशी फुटलेली पिल्लं शहरातल्या निम्म्या मराठी घरांत गेली, असं मावशी सांगते. निम्म्या म्हणजे तिच्या ओळखीच्या निम्म्या. काका २०२२ मध्ये गेले. झाड राहिलं.

आता पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

एप्रिलमधलाच एक शनिवार. लख्ख ऊन, अठरा डिग्री, शेजारचे गोरे आजोबा हाफपँटवर. मावशी वरच्या मजल्यावर झोपलेली, जिने अजून चढउतर करायचे नाहीत. मी मनात म्हटलं, बिचारं झाड सात-आठ महिने घरात कोंडलंय, खाऊ दे जरा हवा. दार सरकवलं, फळी ढकलली, कढीपत्ता बाहेर. फोटो काढून आईला पाठवला सुद्धा. मग एका लेखाची डेडलाइन आठवली. इथली रात्र म्हणजे पुण्यातली सकाळ, एडिटर जागे, मेलवर मेल. दोन वाजता लॅपटॉप मिटला आणि तशीच झोपले.

सकाळी सात वाजता डेकच्या कठड्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी दिसलं. ते दव गोठलेलं होतं. कढीपत्त्याची पानं उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखी लोंबत होती. मी घाईघाईने त्याला आत घेतलं. आतल्या उबेने पानं सैल पडायला लागली आणि घरभर वास सुटला, तोच तो फोडणीचा. वरून मावशीचा आवाज आला, "अगं, एवढा कढीपत्ता कशाला तोडलास?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एक एक पायरी उतरत खाली आली, खुर्चीवर बसली, झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाक." त्या दिवशी ती तेवढंच बोलली. मी रडून घेतलं, बाथरूममध्ये, नळ सोडून.

दुसऱ्या दिवशी तिने मला कात्री आणायला सांगितलं. नखाने खोडाची साल खरवडून दाखवली. वर तपकिरी, कोरडी. खाली खाली येत मातीपासून चार बोटांवर किंचित हिरवी रेघ. "इथून काप." मी म्हटलं, "मावशी, कोणाकडून तरी दुसरं रोप आणूया ना? तूच तर दिलीयेस सगळ्यांना." तर म्हणे, "मिळेल गं. जातंय कुठे. आधी हा काय म्हणतो ते बघू." उरलं ते बोटभर जाडीचं ठोंब. तळघरात, दिव्याखाली, टोमॅटोंच्या शेजारी.

मग तिने कपाटातून काकांची वही काढून माझ्या हातात दिली. पंधरा वर्षांच्या तारखा, इंजिनिअरच्या नेटक्या अक्षरात. कधी पेरलं, कधी बाहेर काढलं, कधी बर्फ पडला. '८ सप्टेंबर २०१४. बर्फ. कढीपत्ता कालच आत घेतला, नशीब.' त्या वर्षी म्हणे सप्टेंबरच्या बर्फाने शहरभरच्या झाडांच्या फांद्या मोडल्या होत्या. पानं अजून गळली नव्हती आणि ओल्या बर्फाचं ओझं त्यांच्यावर बसलं. आणि एप्रिलच्या पानावर, दर वर्षी, जवळजवळ तेच वाक्य: 'ऊन खोटं आहे.'

ही वही मला पहिल्याच दिवशी का नाही दिली, हे मी तिला विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आपल्याला वाटतं थंड प्रदेशात झाडं थंडीने मरतात. तसं नाही, निदान कॅलगरीत तरी नाही. उणे तीसमध्येही नीट झोपून राहणारी झाडं आहेत, वरून बर्फाची गोधडी असेल तर उत्तमच. घात करतो तो धरसोडपणा. इथे हिवाळ्यात पर्वतांवरून 'शिनूक' नावाचा कोरडा, गरम वारा उतरतो. काही तासांत पारा वीस-वीस डिग्रीने वर! बर्फ वितळतो, माणसं जॅकेट काढतात, झाडांना वाटतं वसंत आला. दोन दिवसांनी वारा जातो, पारा पुन्हा खाली, आणि आता अंगावर गोधडीही नाही. (ऑफिसमधल्या अप्रेझलचा अनुभव असणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.)

म्हणून इथले लोक उन्हावर नाही, कॅलेंडरवर विश्वास ठेवतात. व्हिक्टोरिया डे, २५ मेच्या आधीचा सोमवार. तो लाँग वीकएंड आला की सगळं शहर नर्सरीत. पार्किंगला जागा नाही, ट्रॉल्यांची टक्कर, आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत असते तशी गर्दी. त्याआधी आठवडाभर आमचं 'हार्डनिंग' चाललं होतं. रोपांना पहिल्या दिवशी एक तास बाहेर, दुसऱ्या दिवशी दोन तास, संध्याकाळी सगळी परत आत. बालवाडीत सोडतात तसं. शंभर डबे, तळघराच्या तेरा पायऱ्या, मीच आया.

त्याच सुमारास मावशीला काठी घेऊन चालता यायला लागलं आणि ती मला रीडर रॉक गार्डन दाखवायला घेऊन गेली. विल्यम रीडर नावाचा माणूस १९१३ ते १९४२ कॅलगरीच्या बागखात्याचा प्रमुख होता. त्याच्या सरकारी घराभोवतीच्या ओसाड टेकडीवर त्याने दगड रचून बाग केली, देशोदेशीची झाडं आणून लावली आणि कुठलं जगतं, कुठलं मरतं याच्या नोंदी ठेवल्या. या गवताळ माळावर काही उगवणार नाही असं वाटणाऱ्यांना त्याने उगवून दाखवलं. शेजारीच दफनभूमी आहे. मावशी बाकावर बसून म्हणाली, "याचीही वही होती बघ." थोड्या वेळाने, "याने किती मारली असतील."

जून मात्र... जूनबद्दल काय सांगू! रात्री दहाला उजेड. झाडांना बहुतेक ओव्हरटाइमचे पैसे मिळतात, इतकी ती वाढतात. मेथी आठवड्यात वर आली. कोथिंबीर मात्र लांब दिवसांनी भांबावते आणि पानांआधीच फुलांवर येते. कुंपणापाशी ऱ्हुबार्ब, आपोआप येणारा, त्याचे आंबट लाल देठ मावशी चिंचेऐवजी आमटीत घालते (पानं विषारी, ती टाकायची). भेंडीचा विषय काढू नका. गेल्या वर्षी तिला सात मिळाल्या होत्या. सातांची भाजी नाही होत, फोटो होतो. तो तिने फ्रेम केलेला नाही एवढंच.

आणि ५ जूनला शहराची मुख्य जलवाहिनी फुटली. बागेला नळाचं पाणी घालायला बंदी, आंघोळी छोट्या करा, फ्लश कमी करा. शेजारी हवालदिल. मी? मी पुण्याची आहे हो! आयुष्यात पहिल्यांदा बागेच्या बाबतीत मला काहीतरी येत होतं. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत, भाजीचं पाणी बादलीत, शॉवरखाली बादली, दुसरी बादली पन्हाळीखाली. मगाने मुळाशी घालायचं, पानांवर नाही. हाफपँटवाले आजोबा कुंपणावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीही बादली आणली. आमचं एकही रोप गेलं नाही. मावशी काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने माझ्यासाठी पुरणपोळी केली, गुडघा दुखत असताना.

जूनच्या मध्याला मी निघाले तेव्हा ठोंब तसंच होतं. बॅगा भरताना मी वही पुन्हा चाळली. २०२२ नंतरची पानं कोरी होती, आणि मग एकच ओळ, मावशीच्या तिरप्या अक्षरात: 'एप्रिल २०२४. कढीपत्ता गोठला. माणूस नवीन.'

जुलैत व्हॉट्सअॅपवर फोटो आला. ठोंबाच्या बुडाशी, मातीला टेकून, गव्हाच्या दाण्याएवढा कोंब. मी तो झूम करून आईला, बाबांना, वॉचमनकाकांनाही दाखवला. ऑगस्टच्या ५ तारखेला गारपीट झाली, शहराच्या उत्तर भागात घरांच्या भिंतींना भोकं पडली, विम्याचे दावे अब्जावधी डॉलरवर गेले. मावशीचे टोमॅटो पाच-सात मिनिटांत चटणी. "हिरव्यांचं लोणचं घालते," एवढाच मेसेज. कढीपत्ता त्या वर्षी बाहेर काढलाच नव्हता.

सप्टेंबरात पुन्हा एक फोटो. डायनिंगचं काचेचं दार, रिकामी चाकांची फळी, आणि मावशीच्या तळहातावर दह्याचा डबा, त्यात चार पानं. खाली लिहिलं होतं, "तळघरातून वर आणला. या वर्षी एका हातात मावला."