आधी धाप, मग दमा

मी दमेकरी आहे. ज्याला घरात सगळे दमा म्हणतात, त्यालाच दवाखान्याच्या कागदावर अस्थमा लिहिलेलं असतं. या दोन्ही शब्दांचा माग काढल्यावर माझी खात्री पटली, की मुळात ही आजाराची नावं नव्हतीच, नुसत्या धापेची होती. अस्थमा हा शब्द ग्रीक. अर्थ धापा टाकणं. होमरच्या ‘इलियड’मध्ये अ‍ॅजॅक्सने फेकलेला धोंडा छातीवर बसून हेक्टर कोसळतो, रक्त ओकतो, आणि त्याच्या तगमगत्या श्वासासाठी हाच शब्द येतो. हेक्टरला दमा नव्हता, मार लागला होता. पुढे अ‍ॅरेटिअस या ग्रीक वैद्यानेही पळाल्यामुळे किंवा श्रमाने श्वास जड होतो, त्याला हेच नाव दिलं. आडवं झालं की जीव गुदमरतो, ताठ बसलं की हवा मिळते, ती अवस्थाही त्याने त्यातच धरली. मध्यरात्री उशा पाठीशी रचून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, छातीतली शिट्टी ऐकत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दम्याचंही तेच. फारसीत दम म्हणजे श्वास. आपण दम घेतो, दम लागतो तोही हाच. कोणी म्हणेल, शमदमातला दम संस्कृतच आहे की! आहे, पण त्याचा अर्थ आवर घालणं. चरकसंहितेत हा विकार श्वास या नावाने येतो आणि त्याच्या पाच प्रकारांतला तमकश्वास आपल्या दम्याच्या सर्वांत जवळचा. रोग्यापुढे अंधारी येते, म्हणून तमक. बसल्यावर त्याला बरं वाटतं, हे निरीक्षण तिथेही आहे.

आज अस्थमा म्हणजे श्वासनलिका सुजून आकसण्याचा ठरावीक विकार. मग जुनी व्युत्पत्ती कशाला उगाळायची, हा आक्षेप मला पटत नाही. जुना अर्थ अजून गेलेलाच नाही. हृदय कमजोर पडून फुप्फुसांत पाणी साचलं आणि रात्री धाप लागली, तर त्याला डॉक्टरसुद्धा कार्डियाक अस्थमा म्हणत आले आहेत, आणि तो दमा नव्हे. रक्त कमी असलं तरी जिन्यावर दम लागतोच. बोलण्यात मात्र या साऱ्याचा सरसकट दमा होतो आणि खरं दुखणं मागे राहतं. म्हणून तपासायला जाल तेव्हा ‘मला दमा आहे’ असं आधीच ठरवून सांगू नका. धाप कधी लागते, चढताना की पहाटे, आडवं झाल्यावर की धुळीत, तेवढं नीट सांगा.