दोघांची खोली

मुलगा मोठा होऊ लागला, की त्याला सारे जग हवे असते, असे म्हणतात. मला विचाराल, तर त्याला आधी हवा असतो स्वतःचा एक कोपरा! आमच्या रोहण्याच्या घरात दोन मुलांना मिळून खोली एकच. दहा बाय बाराची. थोरल्याला मिसरूड फुटले आणि तिथे सीमातंटा सुरू झाला. तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्याच्या खिशाला दोन पलंग, दोन कपाटे कुठून झेपणार?

आमच्याच जिल्ह्यातले सेवाग्राम मी दोघांना दाखवले. गांधीजी तिथे १९३६ साली आले. बापूकुटी ही मुळात मीराबेनची झोपडी. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनी मातीचीच ताडाची झाडे उठवली आहेत. शोभेसाठी वेगळा खर्च नाही!

मग आम्ही चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवल्या. आजीच्या जुन्या लुगड्याचा पडदा मधोमध टांगला. कोनाडे वाटून दिले. धाकट्याने आपल्या भिंतीवर मातीचा पळस उठवला.

गंमत अशी, की दिवा मालवला, की पडद्याच्या दोन्ही बाजूंनी कुजबुज सुरू होते. पुढच्या वर्षी थोरला शिकायला नागपूरला जाईल. सारी खोली धाकट्याची होईल. पण तो पडदा काही तो काढू द्यायचा नाही!