हे कोणी सांगितले?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी लिहिलेला एक निबंध मी अजून जपून ठेवला आहे. फुलस्केप कागदाची सात पाने, डावीकडे सोडलेला समास आणि त्या समासात पेन्सिलीने लिहिलेले तीन शब्द : ‘हे कोणी सांगितले?’ अक्षर सरांचे. बारीक, किंचित उजवीकडे कललेले. निबंध लीळाचरित्राच्या गद्यावर होता. ‘लीळाचरित्राची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’ हे वाक्य मी गाइडमधून उचलले होते. सरांनी नेमकी त्याच वाक्याखाली रेघ ओढली होती. पान उलटले तर पुन्हा तोच प्रश्न. सात पानांत पाच वेळा.

त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले तेव्हा त्यांनी निबंधाबद्दल एक अक्षर काढले नाही. कोलत्यांनी संपादित केलेला, १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापलेला तो जाडजूड ग्रंथ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “एक लीळा काढ. प्रत्येक वाक्यात किती शब्द आहेत ते मोज. क्रियापद कुठे येतं ते बघ. मग मला सांग.” मी मोजू लागले. तीन शब्दांचे वाक्य, चार शब्दांचे, मध्येच दोन शब्दांचे. कोणी आले, कोणी बसले, कोणी विचारले, स्वामी बोलले. लिहिणाऱ्याने स्वतःचे म्हणून एकही विशेषण खर्च केलेले नाही. ‘ओघवती’ हा शब्द किती पोकळ होता ते मला तासाभरात कळले. हे गद्य ओघाने वाहत नव्हते, ते पावलापावलाने चालत होते. ही गोष्ट मला कुठल्याच गाइडने सांगितली नव्हती. ती मी पाहिली होती.

सरांचा तो प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता, हे पुढे उमगले. तो म्हाइंभटांचा होता. सराळ्याचा हा विद्वान पंडित महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींशी वाद घालायला म्हणून आला आणि त्यांचा शिष्य झाला. स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभट कामाला लागले. ज्याने जी गोष्ट पाहिली, ऐकली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती विचारून घेतली, स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली आणि रिद्धपूरला बसून लिहून काढली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तयार झाला तो असा. सर म्हणत, “मराठी गद्याची सुरुवात कशातून झाली, तर शिष्यांनी आपल्या गुरूच्या आठवणी सांगितल्या, त्यातून. हे विसरू नका.”

आम्ही वर्गात एकोणीस जण होतो. त्यांत मोर्शीकडच्या खेड्यातली एक मैत्रीण होती, महानुभाव घरातली. तिच्या घरी आल्यागेल्याला ‘दंडवत’ घालतात, हे तिने आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. तिची बोली वऱ्हाडी. एकदा तासाला ती म्हणाली, “सर, मी आजीला पुसलं होतं याबद्दल.” मागच्या बाकावर हसू फुटले. ती लाल झाली, खाली बसली. मला आठवते ते असे : सरांनी काहीही न बोलता ग्रंथ उघडला, पाने चाळली, एका ओळीवर बोट ठेवले आणि मागच्या बाकावरच्या मुलाला वाचायला लावले. तिथे ‘पुसिले’ होते. सर म्हणाले, “सातशे वर्षं हा शब्द हिच्या घरात जिवंत राहिला. तुमच्या घरातून कधी गेला ते शोधा.”

ही आठवण मी आयुष्यभर सांगत आले. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितली, आणि नंतर दरवर्षी. माझ्या वर्गातली मुले बोलताना अडखळायची, ‘शुद्ध’ बोलायच्या भीतीने गप्प राहायची. त्यांना मी ‘पुसिले’ची गोष्ट सांगे आणि मग हळूहळू घरचे शब्द वर्गात येऊ लागत. नागदेवाचार्यांनी ग्रंथरचना मराठीतच व्हावी असा आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिले तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. हे सांगताना मला दरवेळी त्या मैत्रिणीची आजी दिसायची. चक्रधरांची शिष्या महदाइसा हिच्याबद्दल सांगायचे तर ती धवळे रचणारी कवयित्री होती हे एका वाक्यात सांगून होई. मला मुलींना सांगायला आवडे ते दुसरेच : ही बाई सतत काही ना काही विचारत राही, आणि तिच्या या विचारण्याचे तिच्या गुरूंना कौतुक होते.

मुलांच्या वह्यांच्या समासात मीही पेन्सिलीने लिहू लागले. ‘हे कोणी सांगितले?’ एका मुलाने पुढच्या वहीत उत्तर दिले : ‘बाई, तुम्हीच.’ ती वही हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते. मीही कोणाची तरी गाइड होऊन बसले होते. त्या वर्षापासून पुस्तके वर्गात नेऊ लागले. आधी वाचन, मग बोलणे.

वडील गेले तेव्हाही हा प्रश्न सोबत होता. शेवटच्या रात्री ते काय म्हणाले, यावर आम्हा भावंडांचे एकमत होत नव्हते. मोठा भाऊ म्हणे, त्यांनी शेताबद्दल विचारले. बहीण म्हणे, आईला हाक मारली. आवाज चढू लागले तेव्हा मला सरांनी शिकवलेली पाठभेदांची गोष्ट आठवली. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. ज्यांना पाठ होते त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. हीराइसा त्यांतली एक. साहजिकच पाठ जुळले नाहीत. पण त्या लोकांनी एक खरा ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. एखाद्या प्रसंगाचा वेगळा पाठ असेल तर तोही ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवून ठेवला. मी डायरीत दोन्ही लिहून ठेवले. शेत आणि आई. दोन्हींत बाबाच होते.

सर गेल्यावर आम्ही जुने विद्यार्थी एका दुपारी जमलो. कोणी शिक्षक, कोणी तहसील कचेरीत, एक जण संत्र्याची बाग करणारा. मी वही घेऊन गेले होते. एक जण म्हणाला, सरांनी त्याचा प्रबंध वर्षभर वाचलाच नाही, त्याची नोकरीची संधी त्यामुळे हुकली. बोलताना त्याचा आवाज कापत होता. मला सरांची बाजू घ्यावीशी वाटली. शब्द ओठांपर्यंत आले होते. मग मी पेन उघडले आणि तो जे सांगत होता ते, त्याच्याच शब्दांत, लिहून घेतले. दुसऱ्या एकीला सर आठवत होते ते रिद्धपूरच्या सहलीतले. म्हाइंभट जिथे बसून लिहीत त्या वाजेश्वरीच्या जागी सगळ्यांना नुसते बसवून ठेवलेले, तासभर एकही वाक्य न बोललेले. मला तिथे सरांनी दिलेले व्याख्यान आठवत होते. तिला ते आठवत नव्हते.

शेवटी मोर्शीची मैत्रीण बोलली. मी ‘पुसिले’ची गोष्ट काढली होती. ती हसली. म्हणाली, “नाही गं. सरांनी नाही शोधला तो शब्द. मी रात्रभर जागून शोधला होता. दुसऱ्या दिवशी ग्रंथ घेऊन मीच सरांपुढे गेले. ते म्हणाले, दाखव कुठे पाहिलास. मी बोट ठेवलं. तेव्हा त्यांनी मागच्या मुलाला वाचायला लावलं.”

मी गप्प झाले. पंचवीस वर्षे जी गोष्ट मी शेकडो मुलांना सांगितली, तिच्यातून तीच गळून गेली होती. तिचा शोध मी सरांच्या हातात दिला होता. आणि तिच्या गोष्टीत सर अधिक मोठे होते : त्यांनी शब्द दाखवला नव्हता, शब्द शोधणारीला वर्गासमोर उभे केले होते.

घरी येऊन वही उघडली. माझी आठवण खोडली नाही. तिच्याखाली मैत्रिणीचे नाव घालून तिचा पाठ लिहिला. मग पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळींच्या समासात, जमेल तितक्या बारीक अक्षरात, तेच तीन शब्द लिहिले.