पाप युकिनेचं, वेदना यातोला



आमच्या दृढीकरणाच्या वर्गातली मुलं 'नोरागामी' नावाची जपानी अ‍ॅनिमे मालिका बघतात. "त्यात देव माणसांत राहतात म्हणे. असलं मुलांनी बघावं का?" असं दोन पालकांनी विचारलं. न बघता उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून दोन्ही सिझन बघून काढले. पहिला २०१४ चा, १२ भागांचा. दुसरा २०१५ चा, १३ भागांचा. मूळ चित्रकथा आदाचितोका या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघींची आहे.

'नोरा' हा शब्द जपानीत भटक्या मांजरा-कुत्र्याला लावतात. 'गामी' म्हणजे देव. तर हा भटका देव. नाव यातो. त्याला देऊळ नाही, भक्त नाहीत. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात मफलर. आपला मोबाइल नंबर भिंतींवर लिहून ठेवतो आणि ज्याचा फोन येईल त्याचं काम ५ येनमध्ये करून देतो: हरवलेलं मांजर शोधणं, साफसफाई, काहीही. मिळालेली नाणी बाटलीत साठवतो, कारण एक दिवस स्वतःचं भव्य देऊळ बांधायचं आहे. ५ येनच का? जपानीत 'गो-एन' म्हणजे ५ येन, आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऋणानुबंध. तिथल्या देवळांत लोक हे भोकाचं पितळी नाणं याच समजुतीनं टाकतात. हसू खूप येतं, हे मान्य करायला हवं.

पालकांच्या शंकेबद्दल एक गोष्ट आधी सांगते. जपानी 'कामी' आणि आपण ज्याला देव म्हणतो तो, हे एक नव्हेत. हा घोळ जुनाच आहे. गोव्यात १५४८ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आंजिरो या जपानी माणसाला बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. देवासाठी त्यांनी सुरुवातीला 'दाइनिची' हा तिथला शब्द वापरला. तो बुद्धाच्या एका रूपाचं नाव आहे हे ध्यानात आल्यावर तो टाकून सरळ 'देउस' म्हणायला लागले. फेस्ताला जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. यातो हा आपल्या अर्थानं देव नाहीच. तो खोटं बोलतो, चिडतो, पैसे उधळतो. त्याच्याकडे एक पात्र म्हणून बघायचं, बस्स.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या मालिकेतले देव भटकणाऱ्या मृतात्म्यांना नाव देऊन आपल्या सेवेत घेतात. नाव दिलं की तो आत्मा देवाच्या हातातलं शस्त्र होतो. यातो एका मुलाला असं नाव देतो, युकिने. 'युकी' म्हणजे बर्फ. नाव देताना त्या आत्म्याचं मागचं सगळं आयुष्य देवाला दिसतं. त्या आत्म्याला मात्र त्यातलं काही आठवत नाही. म्हणजे यातो सगळं बघून त्याला घेतो. यशयाचा ४३वा अध्याय वाचणाऱ्यांना इथं थांबावंसं वाटेल. मी थांबले होते.

आणि नियम असा, की युकिने पाप करतो तेव्हा दुखतं यातोला. मानेवर जांभळे डाग उठतात, ते पसरत जातात. युकिने चोरी करतो, खोटं बोलतो, शाळेच्या काचा फोडतो. त्याचं म्हणणं, मी मेलोच आहे, मला कसले नियम? दुसरी मुलं मोठी होणार, शाळेत जाणार, मित्र करणार. हा कधीच मोठा होणार नाही. त्याचा राग खोटा नाही. पण ज्याच्यासोबत राहतो त्याच्या मानेत काय चाललंय हे त्याच्या ध्यानात येत नाही. यातो बराच काळ गप्प बसून सोसतो. दिलेलं नाव काढून घेतलं तर एका क्षणात सुटका होईल. बाकीचे तसं सांगतातही. तो घेत नाही.

आमच्याकडे कुमसाराची तयारी करून घेताना मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो, "मी केलं ते कुणाला कळलंच नाही, कुणाचं काय गेलं?" यंदा मी आज्ञांची यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, युकिनेनं चोरी केली तेव्हा कुणाची मान दुखली? सगळे ओरडले, यातोची. मग तुमच्या घरी कुणाची दुखते? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "मम्मीची. पण ती सांगत नाही." त्यानंतर गेथशेमनेबद्दल बोलायला मला फार शब्द लागले नाहीत.

यातो मरणाच्या दारात पोचतो तेव्हा शुद्धीचा विधी करतात. दुसऱ्या देवांचे तीन सेवक युकिनेभोवती उभे राहतात. त्याला पाप तोंडानं बोलायचं आहे. तो बोलत नाही, किंचाळतो, शिव्या देतो, त्याच्या अंगातून काहीतरी भयानक उगवायला लागतं. शेवटी बोलतो तो हियोरीमुळे. ही साधी कॉलेजवयाच्याही आतली मुलगी. धमकावत नाही, रडत विनवते. मग एकेक करून सगळं बाहेर येतं. कुमसार म्हणजे गुपचूप उरकायची गोष्ट असं वाटणाऱ्यांनी हा भाग बघावा. दाराशी नेऊन सोडणारं कुणीतरी लागतं, आणि ते फादरच असतील असं नाही.

एका जागी मात्र ही गोष्ट आणि आपला विश्वास यांच्या वाटा वेगळ्या होतात. या मालिकेत लोक विसरले की लहान देव संपतो. यातोची सगळी धडपड कुणीतरी आठवण ठेवावी यासाठी. दुसऱ्या सिझनमध्ये हियोरी त्याला स्वतः बनवलेलं इवलंसं देऊळ देते तेव्हा तो लहान मुलासारखा रडतो. मलाही भरून आलं. पण आपण मिस्साला आलो नाही म्हणून प्रभू संपत नाही. तो आपल्या आठवणीवर जगत नाही. आपण त्याच्या आठवणीवर जगतो. यशया ४९ मध्ये आईचं उदाहरण आहे, ते मुलांसमोर वाचून दाखवा.

पालकांना माझं उत्तर असं: नववीच्या खालच्या मुलांना नको. मारामारी आहे, छळ आहे, आत्महत्येचा विषय येतो. मोठी मुलं बघत असतील तर सोबत बसा, आणि निदान नववा भाग होईपर्यंत उठू नका. आठव्या भागाशी टीव्ही बंद केला तर युकिने नुसता चोरच राहतो.